झोपला की उठायचा नाही

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही वसमतला दोन खोल्यांत राहत होतो. मी गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो आणि बायको वारंगा फाट्यापलीकडच्या एका खेड्यात शिक्षिका होती. सकाळी एसटीनं फाटा, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून शाळा. भारनियमनाचे दिवस होते. शाळेच्या वेळेत तिथं कधी दिवा लागलेला तिनं पाहिलाच नव्हता.

माझ्याकडे एक जुना लॅपटॉप होता. पुण्यातल्या मित्रानं नवा घेतला तेव्हा हा मला देऊन टाकला. त्यावरचं विंडोज काढून मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली होती आणि तिचं मला फार कौतुक होतं. एकदा बायको म्हणाली, "लेकरांचे फोटो काढलेत, त्यांना त्यांचंच तोंड मोठ्या पडद्यावर दाखवते. देता का?"

बॅटरी म्हातारी झालेली. बंद करून पुन्हा सुरू करण्यातच तिचा बराच जीव जायचा. म्हणून मी तिला सांगितलं, "एक वर्ग झाला की नुसतं झाकण लाव. तो झोपतो. उघडलं की जिथं होता तिथून पुढं."

संध्याकाळी ती आली आणि पिशवी पलंगावर ठेवून म्हणाली, "तुमचं मशीन झोपलं ते उठतच न्हाई. पिशवीत हात घातला तर तव्यासारखं तापलेलं."

"मग लेकरं?"

"म्हणाली, बाई, मेलं का हो ते?"

ती हसत होती, पण दुसऱ्या वर्गाची पोरं हिरमुसून घरी गेली हे तिला लागलं होतं. मला तर फारच लागलं.

त्यानंतर रोज क्लास सुटला की मी टेबलाशी बसायचो. झाकण लावायचं, थांबायचं, उघडायचं. पडदा काळा, आत पंखा घरघरतोय. बटण दाबून धरून बंद करायचं, काहीतरी बदलायचं, पुन्हा तेच. भाकरी थापता थापता बायको विचारायची, "काहून उठून नाही राहिला?" आणि मला उत्तर द्यावं लागायचं. तिला समजेल असं सांगता सांगताच मला ते खरं समजत गेलं.

प्रोसेसरला काम नसलं की तो दिवसभर मधेमधे डुलक्या घेतो. काही हलक्या, काही गाढ. गाढ डुलकीत वीज कमी लागते, पण जागं व्हायला वेळ लागतो. ही झाली त्याची रोजची सवय. झाकण लावल्यावरची झोप वेगळी. तेव्हा सिस्टिम डिस्क, पडदा, नेटवर्क एकेकाला निजवत जाते आणि शेवटी स्वतः निजते. या आवराआवरीत प्रोसेसरला क्षणभर रिकामपण सापडतं, आणि तो सवयीनं गाढ डुलकी घेतो. आमच्या लॅपटॉपमध्ये नेमक्या त्या वेळी घेतलेल्या डुलकीतून तो परतच येत नव्हता. मशीन ना झोपलेलं, ना जागं. म्हणून ते पिशवीत तापत होतं.

हे मला एकट्याला सुचलं नाही. क्लासमधल्या इंटरनेटवरून मी लिनक्सवाल्यांच्या एका मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरून एकमेकांना मदत करणाऱ्यांच्या गटावर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत अडचण लिहिली होती. कुठल्याशा थंड देशातल्या एका अनोळखी माणसानं दोनच ओळींत उत्तर दिलं: गाढ डुलकी पूर्ण बंद करून पाहा. मी केली. झाकण लावलं, उघडलं, आणि पडदा उजळला! मी ओरडलोच. बायको पिठाच्या हातानं पळत आली.

पण आनंद फार टिकला नाही. गाढ डुलकी नाही म्हणजे बॅटरी भराभर उतरायची. दोन वर्गांनाही पुरेना. मग मी लिनक्सच्या त्या भागाचा कोड उघडून बसलो आणि थोड्याशा ओळी घातल्या: झोपायची तयारी सुरू झाली की फक्त हलकी डुलकी, पूर्ण जागं झालं की गाढ डुलकीला पुन्हा परवानगी. एवढंच. जुन्या मशीनवर त्या कोडमधून नवं लिनक्स तयार व्हायला इतका वेळ लागायचा, की मधे दोनदा लाईट गेली, बॅटरीही संपली आणि पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

हळद शिजवायचे दिवस होते. बायकोनं पोरांच्या आयांना दुपारी शाळेत बोलावलं होतं. त्या दिवशी मीही गेलो. सकाळी वर्गाला फोटो दाखवले, बायकोनं रेकॉर्ड केलेल्या पोरांच्या कविता ऐकवल्या आणि झाकण लावलं. दुपारपर्यंत मी दर थोड्या वेळानं लॅपटॉपला हात लावून पाहत होतो. गार होता.

बाया आल्या. कामावरूनच आलेल्या, बोटं पिवळी. दाटीवाटीनं सतरंजीवर बसल्या. मी झाकण उघडलं. क्षणभर काळोख, आणि मग सकाळचाच फोटो समोर. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते.

फळ्यापाशी उभ्या एका मुलीचा फोटो आला तशी तिची आई पुढं सरकली. "ही माझी व्हय?" तिनं विचारलं. पोरगी लाजून मैत्रिणीमागं लपली. मग लॅपटॉपमधून तिनंच म्हटलेली कविता ऐकू आली, आणि आईनं पदर तोंडाला लावला.

निम्म्यातच बॅटरी संपली. मला ओशाळल्यासारखं झालं. पण कुणी उठेना. "आता तुमीच म्हणा," एक बाई लेकरांना म्हणाली. आणि एकेक पोरगं उभं राहून आपली कविता म्हणू लागलं. ऊन कलेपर्यंत ते चाललं.

माझ्या ओळी मी त्या मेलिंग लिस्टवर पाठवल्या होत्या. तिथल्या जाणत्या लोकांनी तीच गोष्ट माझ्यापेक्षा नीटसपणे आधीच करून ठेवली होती, आणि पुढच्या आवृत्तीत ती आली. माझ्या ओळी काढून टाकताना थोडं वाईट वाटलं, थोडं बरंही वाटलं.

पुढं बायकोची बदली कनेरगाव नाक्याच्या बाजूला झाली. त्या शाळेत वीज होती, कॉम्प्युटरची वेगळी खोली होती. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन ती म्हणाली, "सगळं हाय तिथं. पण आया येऊन बसत न्हाईत हो."