सुभेदारांची टांगणी

दुकानात कुठलीही वस्तू हातात घेतली की सुभेदार आधी डोळे मिटायचे. दोरी असो, पट्टा असो की लोखंडी कडी, ती तळहातावर ठेवायचे, हात जरा वरखाली करायचे आणि वजन सांगायचे. ते हमखास चुकायचं. मी वस्तू काट्यावर टाकून आकडा दाखवला की ते काट्याकडे नव्या रंगरुटाकडे बघावं तसं बघायचे. "तुमचा काटा दुकानात बसून वजन करतो, ताई," ते म्हणायचे, "ह्ये डोंगरात किती भरंल ते त्याला काय ठावं?" मी काटा बाजूला सरकवायची.

कराडात कॉलेजच्या रस्त्यावर माझं डोंगरभटक्यांच्या सामानाचं दुकान आहे. तंबू, सॅक, बूट, विजेऱ्या. गिऱ्हाईक बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं. पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून दाताचा ब्रश अर्धा कापणारे महाभाग त्यात असतात. अशा गर्दीत एका दिवाळीनंतर हा फौजेतून निवृत्त झालेला, उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस आला आणि म्हणाला, "झोळी हाय का?"

"बाळाची झोळी पुढच्या चौकात मिळेल, काका."

"बाळ न्हाई. बायको हाय."

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? त्यांना हवा होता तो हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायची कापडी झोळी. एका मुलाच्या मोबाइलवर त्यांनी ती बघितली होती. मी सवयीनं सुरू झाले, "कापड कुठलंही घ्या, खरा खेळ सस्पेन्शनचा असतो." झाडाला बांधायच्या दोऱ्या-पट्ट्यांना आमच्या धंद्यात असंच म्हणतात. सुभेदार आणखी ताठ झाले. "सस्पेन्शन ही शिक्षा असती. आमच्या हापिसात एका क्लार्काला झाली हुती. तुमी टांगणी म्हणा." तेव्हापासून माझ्या दुकानात टांगणीच. आता पोरंही तेच म्हणतात.

दुसऱ्या खेपेला ते निवांत वेळी आले आणि सगळं सांगितलं. त्यांची वाडी कोयनेच्या जलाशयावर, डोंगरात उंच. गाडीरस्ता पार खाली, मधे नुसती पायवाट. सुभेदारीणबाईंचं हृदय कामातून गेलेलं. "डॉक्टर म्हणतो, काळीज मोठं झालंय. ते आमाला आधीपास्नं म्हाईत हुतं," असं म्हणून ते हसले. धाप वाढली की तासाभरात खाली आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलानं मुंबईला नेलं होतं, पण महिन्यात त्या परत आल्या. "सून चांगली हाय, खोली चांगली हाय, पण खिडकीतनं दुसऱ्याची खिडकीच दिसती," असं त्यांचं म्हणणं. सुभेदारांनी त्यांना पुन्हा भरीला घातलं नाही.

आजाऱ्याला त्या भागात बांबूला झोळी बांधून खाली नेतात. पूर्वी दहा-बारा गडी असत, चालता चालता खांदे बदलत. आता वाडीत धड चालणारी चार माणसं, चारही साठीपुढची. "म्हणजे चारच खांदे," मी म्हणाले. त्यांनी एकदम हात वर केला. "चार माणसं म्हणा, ताई. खांदे म्हणू नगा." चार म्हाताऱ्यांना थांबावं तर लागणारच. पण झोळी वाटेत जमिनीला टेकवायची नाही, ही तिकडची रीत. जमिनीवर टेकवतात ती तिरडी, विसाव्याच्या जागी. जित्या माणसाला विसावा दिला की ते माणूस परत येत नाही, असं समजतात. म्हणून सुभेदारांनी युक्ती काढली होती. दम लागला की झोळीची टोकं दोन झाडांना अडकवायची, बांबू खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायचं. त्यासाठी झटकन बांधता येईल, झटकन सुटेल आणि हलकी असेल अशी टांगणी हवी होती.

मी त्यांना रुंद पट्टे आणि बक्कल दिलं. आठवड्यात परत. "मजबूत हाय, पर जड हाय." मी वैतागले. "अहो, एवढं माणूस उचलणार, बांबू उचलणार, आणि पट्ट्याच्या वजनाचं काय घेऊन बसलात? ओझं काय पट्ट्यात आहे का?"

त्यांनी काउंटरवरचा पट्टा नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "तिचं वजन मी कमी करू व्हय? वाट कमी करू? आमची वयं कमी करू? माझ्या हातात एवढंच हाय, ताई. एवढं तर करू द्या."

त्यानंतर मी वाद घातला नाही. असला हट्ट समोर उभा राहिला की आपण निमूटपणे खोकी उघडायला लागतो.

मग त्यांनी बारीक, गुळगुळीत दोरी नेली. हत्ती लटकवा, तुटायची नाही, पण तिच्यावर साधी गाठ धरत नाही. मी दहादा सांगितलं, वेगळी गाठ करून दाखवली. फौजेतल्या माणसाला दुकानदारबाई गाठ शिकवणार म्हटल्यावर ते ऐकतील कशाला? त्यांनी नाचणीचं पोतं झोळीत घालून सराव केला. पहिल्याच झाडाला गाठ सरकली. ते दुकानात आले. "पोतं पडलं," म्हणाले. मी म्हणाले, "पोतंच होतं ना, काका." ते म्हणाले, "व्हय, पोतंच हुतं." आणि स्टुलावर बसून राहिले. मी चहा मागवला, तो तसाच निवला.

दुकान बंद असतं त्या सोमवारी मीच वाडीवर गेले. या माणसाला एकट्याला सोडणं मला जमेना. झाडाला रुंद पट्टा, त्यापुढे लांबी कमीजास्त करता येणारी बारीक दोरी, आणि लोखंडी कडीऐवजी दोरीच्या फासात अडकवायची हिरड्याची खुंटी. अशी टांगणी आम्ही अंगणात जुळवली. सुभेदारीणबाई ओट्यावर उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, सुजलेल्या पायांच्या, डोळे मात्र मिश्कील. नवरा पोत्याला हळूच झोळीत निजवतोय हे बघून मला म्हणाल्या, "आवं, पोत्याला बी कसं जपत्यात बघा. मला कवा असं जपलं न्हाई." सुभेदार पाठमोरे होते. त्यांचे कान लाल झाले. या वेळी टांगणीनं पोतं बिनतक्रार धरलं.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढच्या खेपेला त्यांनी खिशातून पट्ट्याचे कापलेले तुकडे काढून काउंटरवर ठेवले, आणि चेहऱ्यावर केवढा अभिमान! वाटेत कुठं थांबायचं ते त्यांनी ठरवलं होतं. तिथल्या प्रत्येक झाडाला पट्टा गुंडाळून माप घेतलं होतं आणि त्यातल्या सगळ्यात जाड झाडाला पुरेल एवढा ठेवून उरलेला भाग कापून टाकला होता. "ह्ये शेपूट कशाला वागवायचं?"

"काका, थांबायची जागा काय आपण ठरवतो?"

"मोजल्याली झाडं हाईत, ताई. तिथंच थांबायचं. ड्रिल हाय."

नवे पट्टे न्या म्हणून मी किती सांगितलं. ते नुसते हसले आणि तुकडे पुन्हा खिशात घालून गेले.

थंडी सरता सरता ते शेवटचे आले. टोपी नव्हती, दाढी वाढलेली. त्यांनी टांगणी काउंटरवर ठेवली तेव्हाच मला कळलं. तरी मी "काकू कशा आहेत?" असं विचारलं. माणूस मूर्खासारखं काहीतरी विचारतोच.

पहाटे धाप लागली होती. उजाडता उजाडता चौघं निघाले. ठरलेली पहिली जागा अजून पुढं असताना चौघांतल्या त्यांच्या मेव्हण्याचा गुडघा धरला, पाऊल उचलेना. जवळ दोनच झाडं होती, एक जांभूळ आणि एक जुना ऐन. ऐनाचा बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. पट्टा वीतभर कमी पडला. सुभेदारांनी ओढून बघितला, कमरेचा पट्टा जोडून बघितला, पण जोड धरेना. बाकीचे बांबू खांद्यावर घेऊन थरथरत उभे. तेव्हा झोळीतून आवाज आला, "ठेवा की खाली. माती हाय ती, इस्तव न्हाई."

त्यांनी ठेवलं. दुसरं करणार काय होते? त्यानंतर झोळी गाडीरस्त्याला पोचली, जीप मिळाली, आणि पाटण यायच्या आत बाईंनी मान टाकली.

मी त्यांना सगळं सांगितलं. की ते हृदय होतं, पट्टा नव्हता. की ऐनाला पट्टा पुरला असता तरी हेच झालं असतं. की मातीनं कुणी मरत नाही. आजही मला हे सगळं खरं वाटतं. ज्या डोंगराला अजून रस्ता नाही त्याचा राग येतो, तो वेगळाच. सुभेदार प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होते. ही टांगणी वाडीतच ठेवा, उद्या कुणाला लागली तर, असंही मी म्हणून गेले. ते म्हणाले, "आता आमच्यातला एक झोळीत निजला, की उचलाय तिघंच उरत्यात."

मला वाटलं, ते रीत मोडल्याचंच दुःख करतायत. म्हणून मी पुन्हा म्हणाले, "काका, खाली ठेवलं म्हणून काही झालं नाही हो."

"त्ये न्हाई," ते म्हणाले. "खाली ठेवल्यावर ती ऐनाला पाठ लावून बसली. धाप जरा बसली तिची. खालचं पाणी दिसत हुतं, त्याच्याकडं बघत म्हणाली, 'बरं वाटतंय. बसू जरा.' आन् मी घाबरलो. विसावा झाला म्हणून घाबरलो. चल चल म्हणून तिला झोळीत घातली."

त्यांनी काउंटरवरची टांगणी माझ्याकडे सरकवली.

"तिला अजून बसायचं हुतं, ताई. मीच उठवली."