गाळलेल्या पाण्यातलं पाप

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते तेव्हाची गोष्ट. पहिली मोठी लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी आरोग्य खात्याचे एक डॉक्टर सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन शाळेत आले. कुठल्याशा विहिरीच्या पाण्याचा थेंब त्यांनी काचेवर ठेवला आणि एकेकीला बघायला लावलं. मुली किंचाळून मागे सरत होत्या. सगळ्यांत शेवटी मी डोळा लावला. एकाच डोळ्याचा, शेपटाशी दोन पिशव्या लटकावलेला एक किडा ऐटीत पोहत होता.

डॉक्टर म्हणाले, नारूचं मूळ हे इथं आहे.

नारू आमच्या घरात नवा नव्हता. पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजतो. कुणी म्हणे शिळं खाल्ल्याने होतो, कुणी म्हणे नको ते ओलांडल्याने. आता शोध असा लागला होता की नारूवाल्याने पाय पाण्यात घातला की जंत पाण्यात पिल्लं सोडतो, ती पिल्लं हा किडा गिळतो, किडा पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो, आणि वर्षाने नारू पायातून बाहेर येतो. उपाय दोनच. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं आणि नारूचा पाय विहिरीत घालायचा नाही. मला वाटलं, इतकं सोपं आहे, मग अडचण कसली?

सुट्टी लागली तशी मी वडगावला उतरले आणि बैलगाडीने आंदर मावळात दादाच्या घरी गेले. दादा घरात नव्हता. वहिनी म्हणाल्या, "पुन्यांदा नारू निघालाय. विहिरीवर बसल्यात."

आमची विहीर पायऱ्यांची. दादा खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून डोळे मिटून बसला होता. घोट्याजवळ काडी बांधलेली. त्याच्यापासून हातभरावर शेजारची मुलगी घागर बुडवत होती.

"दादा, आधी पाय बाहेर काढ!"

"आगुदर आलीस कवा ते सांग. पाय लय जळतोय, हितं गार वाटतंय. कुणाचं काय खातोय का मी?"

मी तिथेच पायरीवर उभी राहून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी किडा माझ्या पायातनं विहिरीत, विहिरीतनं घागरीत, घागरीतनं पोटात आन् पोटातनं माघारी पायात? बाय, एवढा परवास तर तुझी आगगाडीबी करत न्हाई."

वर उभे असलेले दोघे-तिघे खो खो हसले. मला हसू आलं नाही. गेल्या साली लावणीच्या वेळी दादा अंथरुणावर होता आणि वहिनींनी एकटीने चिखल तुडवला होता. यंदाही तेच होणार हे दिसत होतं. गावात एकाचा गुडघा नारूने असा धरला होता की तो ढुंगणावर सरकत ओट्यावर यायचा. दादाचा नारू दोन्ही वेळा घोट्याशी निघाला होता. पुढच्या साली गुडघ्याशी निघाला तर? त्या घरात नांगर धरणारा दुसरा कुणी नव्हता.

मी दादाला ओढत घरी आणलं, ओट्यावर बसवलं आणि घमेलंभर पाणी पुढे ठेवलं. "ह्यात बुडव. नंतर उकिरड्यावर ओतायचं."

"विहिरीचा गारवा घमेल्यात येतोय व्हय?"

"घागरीतलं नवं पाणी ओत. पण विहिरीत पाय टाकलास तर मी काडीसकट नारू ओढून काढीन."

दादा घमेल्यात पाय घालून बसू लागला. जाणारा-येणारा विचारायचा, "काय आबा, शेटजी झालासा?" दादा म्हणायचा, "भन मास्तरीण हाय, काय करता!" बाकीच्या नारूवाल्यांना मी सांगून पाहिलं. एकाने स्पष्टच विचारलं, "विहीर तुमच्या शाळंची हाय का?" तेव्हा म्हटलं, आधी आपलं घर सांभाळावं.

घरात वहिनी फार शहाण्या निघाल्या. मी जुन्या लुगड्याचं फडकं दुहेरी करून दिलं. त्यांनी ते घागरीच्या तोंडाला घट्ट बांधलं आणि एकही घागर न गाळता घरात आणली नाही. दादा शेतावर निघाला तर गाळलेलं पाणीच वाळवलेल्या पोकळ भोपळ्यात भरून द्यायच्या. मला समाधान वाटलं. ते चार दिवसही टिकलं नाही.

एका सकाळी मी त्यांच्या मागोमाग विहिरीवर गेले. वहिनींनी पाणी गाळलं, फडकं सोडलं, खालच्या पायरीवर वाकल्या आणि ते उलटं करून विहिरीतच खळबळून काढलं.

"वहिनी! हे काय करता?"

"जीवांना घरी सोडतीया."

"कोणाला?"

"तुमीच म्हनला न्हवं, पान्यात जीव हायती म्हून? मग ते फडक्यावर उन्हात वाळून मरत्याल की. वानीणकाकी जैन हायती न्हवं, त्यांच्या घरीबी पानी गाळून जीव माघारी सोडत्यात. आपुन प्यायचं न्हाई एवढंच. जीव कशापायी घ्यायचा?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आजवर वहिनी कसल्याही पाण्याची घागर भरून आणत होत्या, कधी विचार केला नाही. पाण्यात जीव आहे असं शास्त्राने सांगितल्याबरोबर त्यांना दया आली! मी म्हटलं, "अहो, हे जीव तुमच्या नवऱ्याचा पाय खातात."

"त्यांनला काय ठावं, पाय कुनाचा हाय त्ये."

"पाप लागलं तर माझ्या माथी घाला."

"पाप तुमच्या माथी घालीन वो वन्सं, पर हात माझा हाय न्हवं?"

मग सुट्टीभर ते फडकं मीच उकिरड्यावर झटकलं आणि उन्हात वाळवलं. पण माझ्या माघारी कोण झटकणार? मी निघायच्या दिवशी वहिनींनीच तोड काढली. परसात एक फुटका रांजण होता, निम्मा पाण्याने भरलेला. फडकं त्यात खळबळायचं. "तितं जगत्याल बिचारे. त्यातलं कोन पितंय?" म्हटलं, ठीक आहे. विहिरीत जात नाहीत ना, मग त्यांना दूधभात घाला.

त्या साली दादाला लावणी साधली नाहीच. पुढचा उन्हाळा येईपर्यंत मी धास्तावलेलीच होते, कारण या शोधाची तीच कटकट आहे. आज केलेलं वर्षाने कळतं, आणि तोवर लोक हसायला मोकळे.

सुट्टीत पुन्हा गेले. ओट्यावर घमेलं नव्हतं. विहिरीवर नेहमीचे चार पाय पाण्यात होते, पण त्यांत दादाचा नव्हता. दादा रानात भाजावळ करत होता, भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळत, दोन्ही पायांवर उभा. मी बांधावरच बसून त्याचे घोटे, पोटऱ्या, गुडघे चाचपून पाहिले. कुठे फोड नाही, गाठ नाही.

"गुण आला बघ," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीनं देवीला नवस केलता."

"आणि फडकं?"

"त्येबी व्हतंच की."

पाय शाबूत होता, श्रेय कुणी का घेईना.

घरी आल्यावर वहिनींनी कौतुकाने मला परसात नेलं. रांजणाचं पाणी हिरवंगार झालं होतं. वहिनींनी पाण्यात बोट बुडवलं आणि वळवळणाऱ्या बारीक अळ्यांची झुंडच्या झुंड तळाकडे पळाली.

"बघा वन्सं! तुमच्या किड्यांस्नी किती पोरं झाली. मी येकबी मरू दिला न्हाई."

ते नारूचे किडे नव्हते, त्यांची पोरंही नव्हती. त्या डासांच्या अळ्या होत्या. त्याच डॉक्टरांनी यंदा शाळेत येऊन हिवताप डासांमुळे होतो हा शोध सांगितला होता आणि अळ्या काचेच्या बरणीत घालून आणल्या होत्या.

मी दादाला हाक मारली. "दादा, कुदळ घेऊन ये. आणि वहिनींना आधी घरात ने."