काटा गरम हाय

ताईचा फोन आला तेव्हा मी नायगावच्या आमच्या शेडमध्ये एका पिकअपखाली उताणा पडलो होतो. गिअरबॉक्स अर्धा उतरलेला, हात ऑइलनं भरलेले. ड्रायव्हरनंच फोन माझ्या कानाला लावून धरला. "तुझे दाजी गेले रे," एवढंच ती बोलली. बाहेर आलो, हात पुसले आणि सवयीनं शेडच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं. तिथं दाजींचं स्टूल होतं आणि वर खिळ्याला त्यांचा टेस्टिंगचा बल्ब लटकत होता... दोन वायरी आणि एक बल्ब, त्यांचं निम्मं दुकान तेवढ्यात मावायचं. त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर शब्द सुचत नाहीत म्हणतात. मला सुचतायत. आमचे निम्मे दिवस वाद घालण्यातच गेले, त्यामुळं त्यांच्याबाबतीत माझ्याकडं शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता.

दाजी व्हायच्या आधी तो नुसता किशन होता. नांदेडच्या आयटीआयला आम्ही दोघंही शिकलो, मी डिझेल मेकॅनिक आणि तो इलेक्ट्रिशियन, पण ओळख झाली ती पुढं एका पिकअपमुळं. टोमॅटो वाहणारी गाडी होती. ड्रायव्हरची तक्रार अशी की, अंधार पडला की इंजिन तापतंय, काटा लालमध्ये जातोय. मी नवा मिस्त्री, अंगात मस्ती. रेडिएटर उतरवला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप खोलला. इंजिनाचं हेड खोलायला पाना लावणार तेवढ्यात शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेला किशन उठून आला. त्यानं बॉनेटकडं पाहिलंसुद्धा नाही. केबिनमध्ये बसला, चावी फिरवली, हेडलाइट लावले. काटा वर. हेडलाइट बंद केले. काटा खाली. "इंजिन गरम न्हाई," तो म्हणाला, "काटा गरम हाय."

डॅशबोर्डमागची एक वायर सुटली होती. बॅटरीतून निघालेला करंट गाडीच्या लोखंडातून परत बॅटरीकडं जातो, त्या परतीच्या वाटेला आमच्या धंद्यात अर्थ म्हणतात. "करंटला घरी जायचंच अस्तंय," किशन स्क्रू आवळत म्हणाला. "पांदण बंद केली तर तो दुसऱ्याच्या शेतातनं जातो. ह्यो काट्यातनं चालला व्हता." मग सगळ्या टपरीला ऐकू जाईल अशा आवाजात, "गाडीला अर्थ न्हाई आन मिस्त्री रेडिएटर धुऊन राहिला." मला त्याचा इतका राग आला की दुसऱ्याच दिवशी जाऊन मी त्याला आमच्या शेडमध्ये अर्धी जागा घे म्हणालो. असला माणूस समोरच्या दुकानात बसण्यापेक्षा आपल्या छपराखाली बसलेला बरा. पुढं ताईसाठी त्याचं स्थळही मीच नेलं.

लग्नानंतर मोठी अडचण झाली. कालपर्यंत ज्याला अरे-तुरे करत होतो त्याला एका रात्रीत अहो दाजी म्हणायचं. घरी ते जमलं. पण शेडमध्ये गाडी आली, बॉनेट उघडलं, की पहिला प्रश्न जुनाच यायचा, "तुझं का माझं?" म्हणजे दोष वायरिंगचा का इंजिनाचा. आधी अंदाज बोलायचा, मगच पाना उचलायचा, हा आमचा नियम. दाजी ड्रायव्हरला दोनच गोष्टी विचारायचे, "कव्हापासून?" आणि "त्याच्या आधी गाडीला कुणी हात लावला व्हता?" दुसऱ्या प्रश्नाला ड्रायव्हर हमखास इकडंतिकडं बघायचा. नेहमी तेच जिंकायचे असं मुळीच नाही. एकदा हदगावची एक गाडी चढाला दम तोडत होती. दाजी दुपारपर्यंत सेन्सर तपासत बसले आणि मी एअर फिल्टरच्या पाइपातून कुणीतरी विसरलेला बनियनचा तुकडा ओढून काढला. तो मी धुऊन त्यांच्या स्टुलावर वाळत घातला होता. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो की ताई आधी पाणी द्यायची आणि विचारायची, "आज कुणाचं निघालं?" उत्तराच्या आधीच दोघांच्या चेहऱ्यांवरनं तिला कळायचं.

मग दाजींना चक्कर यायला लागली. मी म्हणालो, वय झालं, इंजिन झिजलं. ते म्हणाले, न्हाई, कुठंतरी लूज हाय. लातूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि समजावून सांगितलं की हृदय चांगलं आहे, पण त्याला ठोका देणारं आतलं वायरिंग बिघडलंय, छातीत एक मशीन बसवावं लागेल. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हा माणूस माझ्याकडं बघून हसला. "माझं निघालं." इतका आनंद आजारपणात मी कुणाला झालेला पाहिला नाही. मशीन बसलं आणि पुढची काही वर्षं ते ठणठणीत शेडवर येत राहिले.

शेवटचे भेटलो ते त्यांच्या घरी. पाय सुजलेले, दोन वाक्यांत धाप लागत होती. मी उगाच गाड्यांच्या गोष्टी सांगत बसलो होतो. त्यांनी हातानं थांबवलं. "मशीन बराबर चालू हाय बघ. कालच तपासलंय... इंजिनच दमलं." आणि मग थोड्या वेळानं, "आता तुझं हाय."

पाना धरायला शिकल्यापासून मी इतका रिकाम्या हाताचा कधीच नव्हतो. मी त्यांच्या पायाशी बसून रडलो, आणि ते मला समजावत राहिले.

त्यांची स्वतःची पिकअप दारात उभी होती. ताईचा लग्नकार्याला भांडी भाड्यानं द्यायचा धंदा त्याच गाडीवर चालतो. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चावी फिरवली तर नुसतं टक. बाकी काही नाही. "विकून टाकू का रे?" ती म्हणाली. "आता वायरिंगचं कोण बघणार? गाडी गेली तर भांडीबी विकते." त्या घरात भांडी लावणं-काढणं थांबलं असतं तर ताई नुसती बसून राहिली असती, आणि ते मला बघवलं नसतं. मी म्हणालो, आधी बघू तरी.

बॉनेट उघडलं. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "तुझं का माझं?" बाजूला कुणी नव्हतं. माझा अंदाज, स्टार्टर अडकलाय, म्हणजे माझं. पाना हातात घेतला होता. पण आधी ताईला म्हणालो, "धर जरा चावी, फिरव." तिनं चार-पाच वेळा फिरवली. टक. टक. मी सगळ्या जोडांवरून हात फिरवत गेलो आणि अॅक्सिलरेटरच्या केबलवर हात पडला तशी बोटं झटकली. केबल तापली होती. ज्या केबलमधून करंटनं जायचंच नाही ती तापली होती... दुसऱ्याच्या शेतातनं चालला होता.

खाली सरकलो. इंजिन आणि चेसिस जोडणारी अर्थची पट्टी गंजून एका तारेवर लोंबत होती. नवी पट्टी घातली, दोन्हीकडचं लोखंड सँडपेपरनं पांढरं होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळले. ताईनं चावी फिरवली आणि पहिल्या फेरीत गाडी सुरू झाली.

ती खाली उतरली, दार लावलं आणि माझ्याकडं बघत विचारलं, "कुणाचं निघालं?"

"दाजींचं," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे गाडी," ती म्हणाली, आणि मोठी पातेली काढायला आत गेली.