आमच्या शेडमधली उलट वळणारी गाडी

आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नाही. आणि गॅरेज काढलं होतं गाड्यांचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी विचारायला नको की बाई, तुमच्या घरात अक्कल होती की नव्हती.

गिरणीत ते फिटर होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. गोरेगावात पूर्वेला, आरे कॉलनीच्या रस्त्याच्या अलीकडे आमची बैठी चाळ होती. आमची खोली शेवटची, म्हणून पुढचं अंगण आमच्याच वाट्याला. त्या अंगणावर पत्रे घालून ह्यांनी गॅरेज केलं. माझी वाळवणं घालायची जागा गेली ती गेलीच. रिक्षा यायच्या, स्कूटरी यायच्या. पण गिरणीतल्या मागाचा नट जसा पुसून, बघून, पुन्हा पुसून बसवत, तसाच हे स्कूटरचा बसवायचे. रिक्षावाल्याला तेवढा वेळ कुठला? तो एकदा आला की परत दिसत नसे.

माझा भाऊ एका बिस्किटाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने ह्यांच्यासाठी गेटवर वॉचमनची जागा धरून ठेवली. खाकी शर्ट, विजार, पट्टा, शिट्टी, सगळं पिशवीत घालून घरी आणून दिलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. ह्यांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

"त्याच्या आदल्या रविवारी गाड्यांची शर्यत आहे, ती होऊ दे," म्हणाले. "मी करतोय ती गाडी नीट पळाली तर लोक बघतील, आपल्या गाड्या घेऊन येतील. मग गॅरेजच चालवतो. नाही आलं कुणी, तर सोमवारी घालतो शिट्टी गळ्यात."

मी म्हटलं, "शब्द दिलात हां."

"दिला."

ती गाडी गावठाणातल्या एका माणसाची होती. ख्रिश्चन, तिशीचा, घरचा भाजीचा मळा आणि डोक्यात मोटारी. स्टुडिओवाल्यांनी काढून टाकलेली एक लांबलचक अमेरिकन गाडी त्याने घेतली होती. सिनेमात बहुतेक स्मगलर लोक तिच्यातून उतरायचे. स्टिअरिंग डाव्या बाजूला. आतल्या गाद्या, मागची सीट, दारांच्या काचा, सगळं त्याने उपटून टाकलं होतं. गाडी नव्हेच, भलामोठा डबा.

"शर्यत म्हणजे काय करता रे तुम्ही?" मी विचारलं.

"समुद्राकडे जुनी धावपट्टी आहे ना वहिनी, तिथे दोन गाड्या बाजूबाजूला लावायच्या. झेंडा पडला की सुटायचं. सरळ. जो पहिला पोचला तो जिंकला."

"मग?"

"मग काय, संपलं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी," तो हसत म्हणाला. तो कशालाही हसायचा, हा त्याचा मोठा दोष.

त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग होतं. म्हणजे चाक एका बोटाने फिरतं. त्यासाठी इंजिनाला बेल्टने जोडलेला एक पंप असतो, तो तेल दाबून चाकं वळवायला मदत करतो. ह्यांचं म्हणणं, हा पंप इंजिनाची ताकद खातो आणि वजन वाढवतो. सरळ पळायच्या गाडीला एवढे लाड कशाला? तो काढायचा आणि हाताने वळवायचं साधं स्टिअरिंग बसवायचं. मी म्हटलं, घरातही एकजण बसून ताकद खातो, त्याला कधी काढायचं? ह्यांनी ऐकलं नाही. ऐकू न येण्याचं काम त्यांना छान जमायचं.

पंप काढला तेव्हा नळीतलं लाल तेल अंगणात सांडलं. शेडच्या कडेला उरलेल्या वीतभर उन्हात मी आमसुलं घातली होती, ती फुकट गेली. हे म्हणाले, "लाल ते लालच, धुऊन घे." मी ती अख्खी परात त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "आज ह्याचीच कढी."

मग साधं स्टिअरिंग कुठून आणायचं? कुर्ल्याच्या भंगारातून एका मोडीत निघालेल्या ट्रकचा स्टिअरिंगचा डबा आणला. ह्या डब्याला वरून चाकाची दांडी लागते आणि खालून एक लोखंडी हात बाहेर येतो. चाक फिरवलं की तो हात हलतो आणि पुढच्या सळईला ढकलतो, मग चाकं वळतात. एवढं मला कळलं, कारण तो महिना आमच्याकडे जेवताना दुसरं बोलणंच नव्हतं. ह्यांनी डबा बसवायला पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, पुसलं, बघितलं, पुन्हा पुसलं. अष्टमीच्या दिवशी पुढची बाजू जॅकवर उचलली आणि मला हाक मारली.

"वर बस आणि चाक फिरव."

"हात पिठाचे आहेत."

"असू देत."

मी चढून बसले. हे आणि गाडीवाला दोघेही खाली, पाठीवर. मी फिरवायची, खालून आवाज यायचा, "वळतंय, वळतंय! झकास! आता दुसरीकडे!" मी दुसरीकडे फिरवायची. दोघे खालून वर सळईकडे बघत होते. चाकं वळतात की नाही, कुठे घासतं का, किती जड जातं, सगळं बघितलं. कुठल्या बाजूला वळतात, हे नाही बघितलं. मी वर बसून काय बघणार? पुढे एवढं मोठं बॉनेट आणि त्याच्यापुढे आमची मोरी.

नवमीला सकाळी उजाडताच गाडीवाला चाचणीला निघाला. आरे कॉलनीत त्या वेळी रस्ता रिकामा असतो. हे बाजूला बसले. दोघांची न्याहारी डब्यात भरली होती ती विसरले, म्हणून मी पायी मागून गेले. तबेल्यांच्या वळणाशी पोचले तर गाडी गवताच्या गंजीत घुसलेली. नुसती शेपटी बाहेर. तबेल्याचा भय्या काठी घेऊन नाचत होता. म्हशी मात्र शांत उभ्या राहून गाडीच्या टपावरचं गवत खात होत्या.

गाडीवाला बाहेर आला तो केसात गवत घेऊन. "मिस्त्री, मी उजवीकडे फिरवलं, यार!"

"फिरवलंस, बघितलं मी," हे म्हणाले.

"ही डावीकडे आली! मी अजून उजवीकडे फिरवलं, ही अजून डावीकडे!"

हे तिथेच रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली गेले. मग बाहेर येऊन धूळ झटकली. गाडीच्या मूळ डब्याचा हात पुढच्या बाजूला होता. ट्रकच्या डब्याचा ह्यांनी मागच्या बाजूला काढला होता, कारण तिथे जागा होती. बाजू बदलली की सगळंच उलटं होतं.

मी म्हटलं, "सरळच पळायचं आहे ना तुम्हाला? मग उलट काय नि सुलट काय?"

"सरळ जायला पण सारखं थोडं थोडं वळवावं लागतं गं," हे म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. म्हणून मलाच जास्त आला.

दोरी बांधून, टेम्पोने ओढत गाडी शेडमध्ये आणली. सकाळच होती अजून. सबंध दिवस हातात होता, मग दसरा, मग रविवारी शर्यत. मला वाटलं, आता हे गाडीखाली जातील. हे न्हाणीत गेले. आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बाहेर आले, पाट मांडला आणि एकेक पान्हा पुसून पाटावर ठेवायला लागले. हातोडी, कानस, पक्कड, सगळं ओळीने.

"हे काय चाललंय?"

"खंडेनवमी आहे."

"ते ठाऊक आहे मला. गाडी उलटी चालते, तेही ठाऊक आहे."

"आज हत्यारं पूजेला बसतात. उद्या दुपारी दसऱ्याची आरती झाली की उठवायची. तोवर हात नाही लावायचा."

"अहो, परवा शर्यत आहे!"

"गिरणीत ह्या दिवशी कुणी पान्हा उचलला नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही."

"ती गिरणी बुडाली!"

हे हळदकुंकू लावत राहिले. गाडीवाल्याकडे बघून मी म्हटलं, "तू तरी सांग रे. तुला तर हा सण नाही." तर तो म्हणतो कसा, "नको वहिनी, मिस्त्रींच्या देवाशी पंगा नको." आणि पाटासमोर हात जोडून उभा राहिला. मग प्रसादाचा शिरा दोनदा मागून खाल्ला.

तो सबंध दिवस हे खाटेवर बसून होते. गाडी समोर, हत्यारं समोर, माणूस मधे. मी चिडून भांडी घासली, स्वच्छ होती तीही घासली.

दसऱ्याला आरती झाली, पान्हे उठले. डब्याचा हात पुढच्या बाजूला फिरवला, तर सळई तोकडी पडली. ती जोड देऊन लांब करायला हवी. वेल्डिंगवाल्याकडे माणूस धाडला, तर त्याचं मशीन हार घालून पूजेला बसलेलं. त्याच्याकडे आरती संध्याकाळी. तो दिवेलागणीला आला. आला तो आधी आपट्याची पानं वाटत चाळभर फिरला. मग आमच्याकडे चहा घेतला. मग मुलीच्या लग्नाचं सांगितलं. मी त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि म्हटलं, "भाऊ, जोडा आता."

जोडलं त्याने. आता चाक उजवीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जायची. पण जोड चांगलाच जाड झाला होता. डावीकडे वळवताना तो चौकटीला अडायचा. उजवीकडे पूर्ण, डावीकडे जेमतेम. तो घासून पातळ करायला निदान अर्धा दिवस पाहिजे होता. तो अर्धा दिवस आदल्या दिवशी खाटेवर बसला होता.

"चालेल," गाडीवाला म्हणाला. "सरळच तर जायचंय."

रविवारी मीही गेले. शब्द मला दिला होता, निकाल मीच बघणार. धावपट्टीच्या कडेने पोरं, गॉगलवाले, मोठ्या घरच्या मुली. कानाला इतका त्रास मला गिरणीच्या भोंग्याने पण दिला नव्हता. आमची गाडी झेंडा पडताच सुटली आणि पहिली गेली. खरंच पहिली गेली. काडीइतकीही डगमगली नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

पण जिंकलेल्यांना पुन्हा पळायचं होतं. त्यासाठी टोकाला डावीकडे वळून बाजूच्या रस्त्याने परत यायचं. आमची गाडी डावीकडे वळेना. गाडीवाला ती थोडी पुढे घ्यायचा, थोडी मागे, परत पुढे. चाक इतकं जड की उभ्या गाडीत तो सीटवरून उठून त्याला लोंबकळत होता. लोक आधी बघत होते, मग हसायला लागले, मग टाळ्या वाजवायला लागले. शेवटी काही जणांनी उचलून तिचं तोंड फिरवलं. तोवर पुकारा होऊन गेला होता. तिच्या जागी दुसरी गाडी पळाली.

बसमधून येताना मी म्हटलं, "हरलात."

"सरळ गेली," हे म्हणाले.

"परत नाही आली."

"सरळ गेली ना पण."

"नवमीला हात लावला असता तर परतही आली असती."

"लावला नसता," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मी तिकीट चुरगाळून टाकलं.

सोमवारी सकाळी त्यांनी स्वतःच पिशवी खुंटीवरून काढली. शर्टाचं गळ्याचं बटण लागेना. मी ओढून लावलं. ते डबा घेऊन गेले.

दुपारी शेडपुढे एक लाल गाडी उभी राहिली. गॉगलवाल्यांतलाच एक तरुण उतरला.

"मिस्त्री आहेत? त्यांनी कालच्या गाडीचं स्टिअरिंग केलं ना? जरा पण हलत नव्हती सरळ जाताना. माझ्या गाडीचं पण करायचंय."

"काल तोंडाला कुलूप होतं का?" मी म्हटलं.

तो ओशाळला. "काल सगळे हसत होते, मावशी. कसं विचारणार?"

मी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. भाऊ कारखान्यात, हे गेटवर, शिट्टी गळ्यात, आणि हा आज उगवतो.

"रविवारी सुट्टी असते त्यांना," मी म्हटलं. "तेव्हा आण. आणि आणताना ते लाल तेल आधी काढून आण, माझ्या अंगणात नको."