बोंबलातले पाणी

१७ जुलै १९८४, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. अंधेरीच्या विधी महाविद्यालयात प्राचार्यांनी एका विद्यार्थ्याला उभे केले.

"वडील काय करतात?"

"गिरणीत होते, सर."

"मग तूही संपावर जा. इथे उत्तर द्यावे लागते."

वर्ग हसला, कारण न हसणाऱ्याची पाळी पुढची असे.

हे गृहस्थ सकाळी प्राचार्य आणि दुपारी व्यापारी दाव्यांचे वकील. मसजिद बंदरच्या दलालांच्या किरकोळ भांडणांपासून सुरुवात करून ते निर्यातदारांपर्यंत पोहोचले होते. त्यांच्या चेंबरमध्ये कनिष्ठाची एक जागा रिकामी होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी कायद्याकडे वळले, ती अशाच जागेसाठी.

तास संपल्यावर त्यांनी मला बोलावले. वेसाव्याच्या एका कोळिणीचे सुके बोंबील त्यांच्या निर्यातदार अशिलाने ओले ठरवून नाकारले होते; माल त्याच्याच गोदामात पडून होता. करारात पाण्याची मर्यादा वीस टक्के होती. माल देतानाच दोन्ही पक्षांनी एक डबा मोहोरबंद केला होता. तो तपासण्यासाठी प्राचार्यांनी लवादाला माझे नाव सुचवले. दुपारी मी गोरेगावच्या एका प्रयोगशाळेत काम करत असे. कोळीण प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसली होती.

"बाय, तू मोजशील ते मना मान्य हाय," ती म्हणाली. "सगला हंगाम त्या गोदामात परलाय."

मी सबंध डबा वापरला. तीन स्वतंत्र नमुने, एकशे पाच अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवले. तिन्ही आकडे विसाच्या आत होते.

प्राचार्यांनी टिपण उभ्यानेच वाचले. "आता डबा या पावसाळी हवेत रात्रभर उघडा ठेव आणि पुन्हा मोज."

"डबा रिकामा आहे, सर. आम्ही एका मोजणीवर विसंबत नाही."

"आम्ही म्हणजे कोण? नळ्या धुणाऱ्या पोरी?" त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिही, नमुना किडलेला होता, तपासणी होऊ शकली नाही. सोमवारी चेंबरमध्ये येऊन बस. नाहीतर बाजारात टोपली घेऊन बस. वास तर लागलाच आहे तुला."

मी लिहू लागले. मोहोर शाबूत, नमुना सुस्थितीत. पहिली मोजणी अठरा पूर्णांक दोन. दुसरी अठरा पूर्णांक पाच.

"या शहरात तुला कोणी उभे करणार नाही," ते शांतपणे म्हणाले. हा शब्द त्यांनी पुढे पाळला.

तिसरी, अठरा पूर्णांक तीन टक्के.