व्हिसाची फी आणि खतवाल्याचा दौरा

पगारदार माणसाने परदेशी कायमचं जाण्यासाठी भरलेली व्हिसाची फी इन्कमटॅक्समधून वजा होत नाही. नाही म्हणजे नाही. एवढं एक वाक्य बारामतीत पाटी लावून बसलेल्या माणसाने माझ्या बहिणीला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मला हे लिहावं लागलं नसतं. त्याने उलटं सांगितलं. आणि निस्तरलं तिने.

ताई वालचंदनगरला कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होती. आमच्या जळोचीच्या वस्तीतली इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. नव्वदीच्या मधल्या वर्षांत कॅनडाला इंजिनिअर लागतात अशी बोलवा क्वार्टर्समध्ये सुरू झाली आणि तिने अर्ज केला. अर्जाची फी वेगळी, तिथं उतरून राहायची फी वेगळी. दोन्ही बँकेच्या ड्राफ्टने. तिची सगळी बचत त्यात गेली. त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. बोलले ते आबा, आमचे वडील.

आबांचा थोडा ऊस माळेगावच्या साखर कारखान्याला जायचा. ज्याचा ऊस कारखान्याला जातो त्याच्या हातात बिल येतं ते सगळं कापून झाल्यावर. सोसायटीचं कर्ज, शेअर, कसलाकसला फंड. त्यातलं एखादं आधीच रोख भरलेलं असलं, तर पावती दाखवायची. पुढच्या बिलात ते वळतं होतं. आबांना जगातला सगळा हिशेब असाच चालतो असं वाटायचं.

"पावती हाय न्हवं तुझ्याकडं?"

"आहे."

"मग टॅक्समधनं वळती करून घे की. सरकारला भरलंयस, सरकारनं धराय पायजे."

"आबा, ते कॅनडाचं सरकार आहे."

"असू दे. सरकारा-सरकारांचं काय आसंल ते आपसात बघून घेत्याल."

आम्ही हसलो. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही, कारण ताईच्या ऑफिसातले शिकलेसवरलेलेही तेच म्हणत होते. विम्याच्या पावत्या देतेस ना, त्यात ही पण लाव. अकाउंट्सच्या बाईंनी ती पावती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "ही कशातच बसत नाही हो. बाहेर कुणा टॅक्सवाल्याला विचारा."

टॅक्सवाला बारामतीत होता. अर्धी बारामती त्याला वकीलसाहेब म्हणायची, वकिली त्याने कधी केली होती देव जाणे. ताईने पावती पुढे ठेवली.

"बसवू की मॅडम. नोकरीसाठीच चाललाय ना? मग हा नोकरीचाच खर्च."

"कायद्यात आहे का तसं?"

"कायदा मी बघतो. तुम्ही सही कुठं करायची तेवढं बघा."

तिने सही केली. जी बाई ड्रॉइंगवरचं एक माप चारदा तपासायची, तिने त्या माणसाच्या पाटीवर विश्वास ठेवला. इथे मला कुणी म्हणेल, तिलाच कळायला हवं होतं. का कळायला हवं होतं? सल्ला द्यायचे पैसे तो घेत होता. आपल्याकडे फसवणाऱ्याला कुणी विचारत नाही, फसलेल्यालाच शहाणपण विचारतात.

पुढे व्हिसा आला. वस्तीत पेढे वाटले गेले. त्या काळी कायमचं जाणाऱ्याला टॅक्स थकलेला नाही असा दाखला लागायचा, आणि कोणत्या तारखेच्या आत तिकडे पोचायचं ते व्हिसावर छापलेलं असायचं. ताई दाखल्यासाठी इन्कमटॅक्सच्या ऑफिसात गेली, मी सोबत होतो. साहेबाने तिचं विवरणपत्र उघडलं आणि त्याचं बोट त्या फीवर थांबलं.

"हा खर्च कशाचा?"

"इमिग्रेशन व्हिसाची फी. नोकरीसाठीच..."

"इथली नोकरी करण्यासाठी केलात का हा खर्च?" साहेब शांतपणे म्हणाला. "हा तर इथली नोकरी सोडण्याचा खर्च झाला. स्वतःचा घरगुती खर्च पगारातून वजा होत नाही, बाई. दावा काढून टाका, फरक व्याजासकट भरा, तसं लिहून द्या. मग दाखला."

त्या साहेबाचा मला राग नाही. त्याने निदान खरं सांगितलं.

तिथून आम्ही तडक टॅक्सवाल्याकडे. त्याच्यासमोर एक खतांचा दुकानदार बशीतून चहा पीत बसला होता. ताईने झालं ते सांगितलं. टॅक्सवाला हसला. "प्रयत्न करून बघायचा असतो मॅडम. कधीकधी निघून जातं."

"आमचं तर गेलं की," खतवाला मध्येच बोलला. त्याला गप्प बसवायला टॅक्सवाल्याने डोळे वटारले, पण चहा चढला होता. "पोराला अमेरिकेत सोडाय आमी दोघं नवराबायको गेलो. व्हिसा, तिकिटं, समदं दुकानाच्या खर्चात. काय लिवलं हुतं हो सायेब?"

"परदेशातील खत व्यवसायाची पाहणी," टॅक्सवाला पुटपुटला.

"व्हय, पाहणी! तितल्या एका दुकानात कुंडीत टाकायच्या खताची पिशवी बघितली. मंडळी म्हणली, केवढीशी हाय वो. झाली पाहणी."

तो खो खो हसला. माझं डोकं तापलं. मी विचारलं, "यांची सहल वजा होते आणि माझ्या बहिणीची घामाची फी होत नाही? हा कुठला कायदा?"

"तो धंदा आहे, हा पगार आहे," टॅक्सवाला म्हणाला. मग खुर्चीत मागे रेलून, "आणि तुम्हा लोकांना काय, जिथं तिथं सवलतच लागते."

तुम्हा लोकांना! आमच्या आजोबांनी छप्पनला धर्म बदलला तो असल्या खुर्च्यांपुढे उभं राहावं लागू नये म्हणून. सवलत शेजारी बसून चहा पीत होती, तिला तो शेठ म्हणत होता. आणि ज्या बाईचा टॅक्स पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, ती सवलतवाली! मी टेबलावर हात आपटला. ताईने माझा दंड धरला आणि टॅक्सवाल्याला म्हणाली, "काय लिहून द्यायचं ते सांगा."

त्याने मजकूर सांगितला. 'माझ्या चुकीच्या समजुतीमुळे मी हा दावा केला.' माझ्या म्हणजे ताईच्या. त्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. या मजकुराचीही त्याने वेगळी फी घेतली.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका युवक मंडळात होतो. पाणवठा, स्कॉलरशिप, जिथे अन्याय तिथे आमचं पत्रक. स्टँडसमोर उभं राहून मी ताईला सांगितलं, सही करू नको. त्याचं नाव घाल. त्याच्या सांगण्यावरून दावा केला असं स्पष्ट लिही. मी उद्याच पत्रक काढतो, त्याच्या दारात मोर्चा नेतो.

"मग काय होईल?"

"चौकशी होईल. खतवाल्याचंही बाहेर निघेल."

"किती दिवस चालेल चौकशी?"

मी बोटांवर महिने मोजायला लागलो.

"माझ्या व्हिसावर तारीख आहे रे. तुझ्या चौकशीवर नाही. मी अशी चौकशी पुरी झालेली कधी बघितली नाही. तू बघितलीयस?"

"म्हणून खोटं लिहायचं?"

"तुला त्याला धडा शिकवायचाय. मला जायचंय. दोन्ही एकदम होत नाही, आणि फी मी भरलीय."

तिने स्टँडवरच्या बाकावर बसून त्या मजकुराखाली सही केली. नेहमीसारखी सरळ, स्वच्छ. फरक भरला, व्याज भरलं, दाखला आला, ती गेली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं का, हे मला कुणी विचारू नये. मला तिचा राग आला नव्हता. ज्यात नीट वागणाऱ्या माणसाला दारातून बाहेर पडण्यासाठी दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घ्यावा लागतो, त्या व्यवस्थेचा आला होता आणि तो अजून उतरलेला नाही.

ती गेल्यावर मी पत्रक काढलंच. कुणाचं नाव न घालता. व्हिसाची फी पगारातून वजा होत नाही. होते म्हणणाऱ्याकडून तसं लेखी घ्या. सही तुमची असते, जबाबदारीही तुमच्याच गळ्यात पडते. वालचंदनगरला पाळी सुटताना गेटबाहेर उभा राहून ते कामगारांना वाटत होतो. एका तरुण फिटरने उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"हे तुमच्या ताईंचं न्हवं? ड्रॉइंगमधल्या?"

"हो."

"गेल्या का त्या मग?"

"गेल्या."

"मग झालं की!" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "त्यो टॅक्सवाला बसतो कुठं? माजं बी कॅनडाचं चाललंय. एखाद्या टायमाला जातंय निघून."

मी त्याच्या हातातलं पत्रक काढून घेतलं, पहिली ओळ बोटाने दाखवून त्याला मोठ्याने वाचायला लावली. त्याने वाचली. आजूबाजूचे चौघं हसले. मी दुसऱ्यांदा वाचायला लावली.