मामींच्या आवाजासाठी गिटारचा अँप्लिफायर

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकही वस्तू कायमची बंद पडल्याचं कबूल केलेलं नाही. पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांची पाण्याची मोटार, सगळं त्यांच्या मते फक्त रुसलेलं असतं. भिंगारला एका वर्कशॉपात वायरमन म्हणून जन्म काढलेला हा माणूस झोपतानाही खिशात टेस्टर ठेवतो. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माईक खरखरला, तर नवरीच्या पाठीशी उभे असलेले मामा तिला तशीच सोडून स्टेजखाली शिरले. अक्षता पडल्या, बँड वाजला, तेव्हा मामा खालून ओरडत होते, "आता बोला! आता क्लियर येतंय!"

मागच्या वर्षी मामींच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज नुसता कुजबुजीएवढा उरला. कॉलनीतल्या बायकांच्या भजनात त्याच पुढे असायच्या. त्यांनी जाणंच बंद केलं. मग एका रविवारी मी गेलो, तर जुन्या बाजारातून आणलेला गिटारचा अँप्लिफायर पाठ उघडी टाकून दिवाणावर पडला होता.

"मामा, गिटार कोण वाजवणार?"

"कोन न्हाई. ह्याला माईक लावता येतो. आवाज गिटारचा हाय का मानसाचा, त्याला काय कळतंय?"

"पण हा बंद आहे."

"रुसलाय."

बाजारात नवा छोटा स्पीकर मिळतो, असं मी सुचवलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की भाची कुणाच्या घरी दिली, याचा त्यांना प्रथमच पश्चात्ताप झाला असावा. "तसल्याचा आवाज पत्र्यावानी येतो, जावई. हिचा आवाज पत्र्यातनं काढायचा व्हय?"

मग दोन महिने त्या खोक्याची आणि मामांची जुंपली. फुगलेले कपॅसिटर बदलले, तर तो म्हशीसारखा घुमू लागला. ट्रान्सफॉर्मर जळका निघाला. तो पिशवीत घालून मामा एसटीने सुप्याला गेले आणि जळक्या मोटारींची तार बदलणाऱ्या एका कारागिराकडून नवी तार गुंडाळून घेऊन आले. घुमणं थांबलं, तर माईकची पिन हलली की आवाज गायब. मामांनी सोल्डरचा एकेक टाका भिंगाखाली तपासला. मामी खुणेने जेवायला बोलवायच्या, मामा खुणेनेच थांब म्हणायचे.

शेवटी एका दुपारी माझ्यादेखत त्यांनी माईक मामींच्या हातात दिला. "काय बोलू?" त्या कुजबुजल्या, आणि ती कुजबुज श्वासासकट घरभर पसरली. मामी दचकल्या, हसल्या, मग त्यांनी अभंगाची एक ओळ म्हटली. जुना आवाज नव्हता तो. खरखरीत होता, मध्येच तुटत होता. पण मामींचाच होता. मामा भिंतीकडे तोंड करून उगाचच वायर गुंडाळत राहिले.

मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "तिला सांगू नका. माजे कान आधू झालेत, मोटा आवाज तेवढा कळतो. वरीस झालं, ही काय बोलती ते मला ऐकूच येत न्हवतं. नुसती मान हलवत हुतो."

"मामींना कळलं नाही?"

"कळलं आसंल," मामा म्हणाले. "बोलायची लई कमी झाली हुती."

तेवढ्यात घरातून मोठा, खरखरीत आवाज आला, "अहो, चहा ठेवू का?"

"ठेव, ठेव!" मामा ओरडले, आणि माझा निरोप घ्यायचा विसरून आत गेले.